बॉनेटवर हात

पहिली लाल होती. कॅनार्व्हनला, बंदराजवळ.
धुऊन, पुसून, टायरांनाही काळं फासलेलं.
मी बॉनेटवर तळहात ठेवला : कोमट.
म्हणजे मी पोचण्याआधी कुणीतरी
तिला काय बोलायचं ते पढवून ठेवलं होतं.

गार इंजिन खोटं बोलत नाही.
बावीस वर्षं या खोऱ्यात घरोघर जाऊन जखमा बांधते आहे,
स्वतःहून उठलेला माणूस
आणि नर्स येणार म्हणून उठवून बसवलेला माणूस,
हाताला कळतं.

खिशातून चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलेलं.
दाराखालच्या पट्टीवरून फिरवलं.
चिकटलं, चिकटलं, मग गळून पडलं.
तिथे लोखंड नव्हतंच, लांबी भरून वर रंग.
वरून कीर्तन, आतून तमाशा.
विकणारा मुलगा म्हणाला, फक्त उन्हाळ्यात चालवलीय.
उन्हाळ्यात! वेल्समध्ये!

बहीण म्हणते, साधी पाच दारांची घे,
वॉकर मावेल, खोकी मावतील, कुत्रा मावेल.
तिचं बरोबर आहे.
मी तरी मोजपट्टी घेऊन हिंडते :
ड्रेसिंगची खोकी दोन, डिकीत.
तिसरं शेजारच्या सीटवर.
वॉकर नाही.

दुसरीबद्दल बोलत नाही.

तिसरी ब्लायनाय फेस्टिनिओगच्या वरच्या गल्लीत.
घरांच्या पाठीशी पाटीच्या दगडाचे ढीग,
चांगला दगड छपरांवर आणि शाळांत गेला,
उरलेला चुरा डोंगर होऊन बसला.
पाऊस तिरपा.
मेरियन प्रोसर, भूगोलाचे निवृत्त मास्तर,
छत्रीशिवाय अंगणात.
बॉनेट गारठलेलं.
"मुद्दामच सुरू केली नाही," ते म्हणाले,
"तुम्ही हात लावून बघाल म्हणून."

एक लाख सेहेचाळीस हजार मैल.
काचेवर शाळेच्या पार्किंगचे स्टिकर, एकावर एक, सतरा.
सीटच्या खाचेत खडूचा तुकडा.
गिअरच्या गोळ्यावरचे आकडे तळव्याने खाल्लेले.
छप्पर एका कोपऱ्यात
मासेमारीच्या दोऱ्याने शिवलेलं.
दिवे उघडले : उजवा लगेच,
डावा जांभई देऊन.

चावी फिरवली. एकदा खोकली, दुसऱ्यांदा लागली.
निळा धूर नाही.
तेल वर चढेपर्यंत थोडी टिकटिक, मग तीही नाही.

त्यांनी वही दिली.
प्रत्येक ऑइल बदल, तारीख, मैल,
आणि का कोण जाणे, त्या दिवशीचा वारा.
शेवटच्या तीन वर्षांत अक्षर बारीक होत गेलेलं,
ओळीच्या टोकाला मुंगीएवढं.
मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं.
तो कोटाच्या खिशात होता,
आणि खिसा थरथरत होता.
"क्लच जड नाहीये," ते म्हणाले, "मीच..."
आणि ढिगांकडे बघत राहिले.

तरी दोनशे पौंड कमी करून घेतले.
मागच्या चाकाजवळचा पत्रा कुजलेला, ते खरंच होतं.
दया येऊन पूर्ण किंमत मोजली असती
तर ओळखलं असतं त्यांनी,
चावी परत मागून घेतली असती.

आता नोव्हेंबर. डावा खांदा रोज थोडा भिजतो.
तिसरं खोकं पट्टा लावून शेजारी बसतं,
मेंढ्या आडव्या आल्या की माझ्याबरोबर तेही पुढे झुकतं.

मंगळवारी रुग्णगाडी आली नाही म्हणून
ओल्वेन बाईंना मीच दवाखान्यात नेलं. वय शहाऐंशी.
आत बसवायला दहा मिनिटं,
गुडघे हनुवटीशी, खोकं मांडीवर,
काठी हँडब्रेकशी भांडत.
धरणापुढच्या वळणावर मी सवयीने
तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली,
अख्खा रस्ता पाठीच्या कण्यातून वर आला.
त्या किंचाळल्या.
मी दचकून वेग सोडला, मनगटाकडे हात नेला.
"नाडी नंतर बघ," त्या म्हणाल्या,
"आणि येताना पण इकडूनच आण.
फक्त इथे अशी ढिली सोडू नकोस."