डिसेंबरातला पंखा

उन्हाळ्यात कोणाच्याच लक्षात आलं नाही.
नागपूरचा मे, पारा पंचेचाळिसावर,
कूलरच्या ताट्या दुपारीच कडकडीत वाळलेल्या.
गोळीबार चौकात घाम कोणाला येत नाही?
माझाही त्यांच्यातच मिसळून गेला.
आजार असा लपला,
जसा न बोलावलेला पाहुणा लग्नाच्या पंगतीत बसतो.
वाढपीही त्याला आग्रह करतात.

जाऊ म्हणाली, "काहून वं कुंदे,
डायटिंग करून राहिली का?"
मी नुकतीच पाच पोळ्या खाऊन उठले होते
आणि चिवड्याचा डबा शोधत होते.
खाल्लेलं जायचं कुठे?
माझ्या आत कोणीतरी चूल पेटती ठेवून
गावाला निघून गेलं होतं.

जूनमध्ये समीक्षाला थापड मारली,
पाण्याची बाटली भरली नाही म्हणून.
तेव्हा ठाऊक नव्हतं
की राग रक्तातही उतरतो.
पण सगळाच गळ्यावर ढकलणं खरं नाही,
थोडा माझाही होता.

मग सुई.
बावीस वर्षं फॉल-पिको करते मी,
अंधारात दोरा ओवायची.
आता नेढं माझ्यापासून पळायचं.
एका बाईच्या करवती काठाच्या साडीला
टाके असे गेले, जसे कोंबडीचे पाय.
ती काही बोलली नाही,
पैसे मात्र मोजून दिले, दहा कमी.

आणि छातीत सासऱ्यांचा माग.
तो माग विकून बारा वर्षं झाली,
खड्डा बुजवून तिथे फरशी बसवली आम्ही.
तरी रात्री दोनला खटखट, खटखट,
धोटा इकडून तिकडे,
वर कोणी बसलेलं नाही,
आणि कापड तर दिसतच नाही.

डिसेंबरात उघडं पडलं.
रस्त्यावर लोक टायर जाळून शेकत होते,
मुरली दोन ब्लँकेटांत, कानाला मफलर,
आणि वर पाचवर पंखा.
"कुंदा, हे बरोबर नाही," तो म्हणाला.
एवढंच. तसा तो कमीच बोलतो.

अधिवेशनाचे मोर्चे, बर्डीवर बॅरिकेड,
धंतोलीला पोचायला तास लागला.
दवाखान्याच्या जिन्यात मांड्यांनी जीव सोडला,
बाराव्या पायरीवर बसले.
पिंपळापुरे मॅडमनी हात समोर धरायला लावले,
बोटांवर एक कागद ठेवला.
कागद थरथरला,
खिडकी तर बंद होती.

गळ्यात फुलपाखरासारखी ग्रंथी असते, त्या म्हणाल्या.
मला ती ब्लाउजच्या पाठीवरच्या
नाडीच्या गाठीसारखी वाटली, दोन पाकळ्यांची.
मेंदूकडून निरोप येतो, तेवढंच तिने काम करायचं.
पण तुमच्या रक्तातलंच कोणीतरी
निरोप्याचं सोंग घेऊन दार वाजवतंय,
आणि ती वेडी राबतेय, दिवसरात्र.
मेंदू तर केव्हाचा गप्प बसलाय.
रिपोर्टवर त्याचा आकडा होता
शून्य दशांश शून्य एक.
मला आपला झिरो माइलचा दगड आठवला.
सगळी अंतरं तिथूनच मोजायची म्हणे.

म्हणजे कमी ते जास्त.
घरी हे समजावताना माझीच तारांबळ.
जाऊ म्हणाली, "म्हणजे मशीन फास्ट चालून राहिली?"
हाव, तसंच.

दोन गोळ्या. एक कामाची,
एक नुसती धडधड आवरायला.
घसा दुखला, ताप आला तर थांबायचं नाही,
लगेच या, मॅडमनी दोनदा सांगितलं.
आठवडे लागतील, असंही.
डोळे जरा मोठे दिसतात, ते कदाचित तसेच राहतील.
आरशाने त्याबद्दल अजून काही ठरवलेलं नाही.

जानेवारीच्या शेवटी एका पहाटे
झोपेत पायाशी काही चाचपडत होते.
पांघरूण.
वर पंखा फिरतच होता, मीच लावलेला.
उठून बंद केला.
मुरली जागा झाला. "काय झालं?"
"काही नाही. थंडी वाजली."
तो उठून बसला,
जसं घरात कोणी जन्मलं.

सकाळी मशीनशी बसले. दोरा ओला केला.
हुकला. पुन्हा हुकला.
समीक्षा दप्तर खांद्यावर टाकून उभी,
म्हणाली, "दे इकडे, मी ओवते."
सुई तिला दिली नाही.
पण तिला म्हटलं, थांब जरा,
इथे उजेडात उभी राहा.