त्यापेक्षा बरा

जुबैलच्या खोलीत आम्ही सहाजण,
सातवा दिलावर परकारचा खोकला.
पहाटे साडेतीनला उठायचा
गजराच्या आधी.

मार्चात त्याने सिगारेट सोडली.
बलदच्या दुकानातून पेनासारखं काही आणलं,
आंब्याच्या वासाचं.
तेव्हापासून खोलीत आढी घातल्यासारखं वाटतं,
गवत नाही, आंबा नाही,
नुसता वास.

प्लँटवर माझं काम गळती शोधायचं.
मीटरचा काटा कितीही खाली असो,
हलला असेल तर मी शून्य लिहीत नाही.
दवाखान्यातला मल्याळी डॉक्टरही
शून्य म्हणाला नाही.
जळणं गेलं, डांबर गेलं, हे थोडं नव्हे, म्हणाला.
तलफ आहे तिथेच आहे.
आणि वीस वर्षांनी काय होतं
ते सांगायला, म्हणाला,
अजून वीस वर्षं झालेली नाहीत.

खोकला मात्र खरंच उतरला.
साडेतीनला आता मीच जागा होतो,
कान लावून.
वरच्या बंकवर निळा ठिपका
पेटतो, विझतो.

"बरा आहेस ना रे?"
"त्यापेक्षा बरा."

एसी घरघरतो.
डिसेंबरात
आंब्याचा वास खाली उतरतो
माझ्या उशीपर्यंत.