बिटर एंड

रोहिदासच्या वकिलाची नोटीस आली,
अकरा माडांवरून, तीन पानी.
शेवटची ओळ मी दोनदा वाचली:
माझे अशील बिटर एंडपर्यंत लढतील.
बिटर म्हणजे कडू, हे शाळेत पाठ केलेलं.
कडू शेवट.
कारल्याची भाजी पानात टाकून उठणारा हा पोर
कडू शेवटापर्यंत कसा जाईल?

पास्कोल फुर्तादो बेतूलच्या धक्क्यावर
जाळ्याच्या गाठी उसवत बसला होता.
एकतीस वर्षं बोटीवर, बोसनच्या हुद्द्यावर;
इंग्रजी कानानं शिकलेली, शिव्यांसकट.
नोटीस त्यानं हात लांब करून धरली
आणि हसला.
‘बाय, यात कडू काहीच नाही.’

मग धक्क्याच्या खुंटाला दोराचे तीन वेढे.
‘बोटीवर असले जोडखुंट. त्यांना म्हणायचं बिट.
नांगर सोडला की दोर पळतो,
तळ लागेपर्यंत पळतो.
बिटकडचं जे टोक आत उरतं ना, तो बिटर एंड.
एरवी कुणाला दिसत नाही,
काळोखात पडून असतं, कोरडं.
दिसलं की समजायचं, द्यायला पुढे दोर नाही.’

कडू मागाहून कुणीतरी चाखलं असेल, म्हणाला.
शब्दसुद्धा बंदराला लागले की बदलतात,
माणसांचं काय घेऊन बसलीस.

‘आणि तळ नाहीच लागला तर?’
‘तर बोट वाहते.
खाली नांगर लोंबतोय, वर आपण टोक धरून.’

वेढे सोडता सोडता त्यानं विचारलं,
तुमच्या मराठीत दोराबद्दल काय म्हणतात?
सुंभ जळतो, म्हटलं, पीळ जळत नाही.
हे त्याला इतकं आवडलं
की पुन्हा म्हणायला लावलं.
‘हा तुझा भाऊ!’
मी जोरात मान हलवली.
तो माझ्याकडे बघत राहिला,
जरा जास्तच वेळ.

रात्री उत्तर लिहायला बसले.
वकिलाला नाही, त्यालाच.
दाबोळीला, काचेपलीकडे तो वळला तेव्हा
मीही हात हलवत होते, दोर सैल सोडत,
आणि सव्वीस वर्षं तो पळतच होता, टोरांटोपर्यंत.
आता हे टोक दिसतंय,
अकराव्या माडाच्या बुंध्याशी.

तीन पानांना तीन ओळी लिहिल्या:
गुरुवारी पाडेली येतोय.
नारळ यंदा बरे धरलेत.
तुझा वाटा सोलून ठेवू, की सोडणासकट?