दर दोन तासांनी

वेंगुर्ल्यात मच्छीमार सोसायटीच्या सभागृहात
आम्ही चौदाजणी सतरंजीवर.
पुढे बाकावर एक माणूस झोपवलाय :
गोणपाटाचा, आत सोडणं भरलेली,
डोक्याच्या जागी शहाळं.
"ह्येचा नाव काय ठेवया?" फिलोमिना सिस्टर विचारतात.
मागून कोणीतरी म्हणते, "जावय."
पहिला अर्धा तास हसण्यातच जातो.

मग त्या दाखवतात,
कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून.
माणूस छातीशी आणायचा, मग वळायचं.
ओढायचं तर कधीच नाही,
चादरीसकट सरकवायचा, दोघींनी.
"दोघी खंयच्या?" रजनी खवणेकर विचारते.
"माज्याकडे मी एकटीच."
सिस्टर गप्प होतात.
फळ्यावर लिहितात : दोघी.
खाली रेघ मारतात.

अकरा वर्षं मी हे काम करते.
त्याआधी बांगडे विकायची.
पाटी चुंबळीवर कशी बसवायची ते आईनं शिकवलं होतं,
मान कशी धरायची,
घाटीच्या उतारावर पाय कसा टाकायचा.
बांगड्यांसाठी शिकवणी होती.
माणसासाठी कुडाळच्या ब्युरोवाल्यानं एवढंच विचारलं,
"घाण काढूक किळस येणा नाय मा?"
आणि पहिल्या महिन्याचा पगार ठेवून घेतला.

दुपारी फळ्यावर पाठीचं चित्र.
खांदे, माकडहाड, टाचा,
हाड जिथं वर येतं तिथं खडूचे ठिपके.
"दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा."
मी वहीत लिहिते, दर दोन
आणि पेन थांबतं.

परुळ्याच्या सरोजिनीबाई. सात वर्षांपूर्वी.
मी त्यांना रोज न्हाऊ घालायची,
पावडर लावायची, वेणी घालायची,
झोपल्या की हलवायची नाही.
वाटायचं, निजू दे बिचारीला.
माकडहाडावर आधी लाल रुपया उठला,
मग तो आत आत उतरत गेला.
सून म्हणाली, वयच झालं होतं.
मीही तेच म्हणाले.
तेराव्याला त्यांनी मला साडी दिली, जांभळी.
अजून नेसते मी ती, सणासुदीला.

चहा येतो, थंड होतो.
सिस्टर फळा पुसायला जातात,
माझ्याकडे बघतात,
ठिपके तसेच ठेवतात.

सध्या माझ्याकडे वासू सारंग.
चाळीस वर्षं लाँचवर,
आता डावं अंग ओहोटीला लागलेलं.
मुलगा मस्कतला. जाताना कोपऱ्यात कॅमेरा लावून गेला.
कॅमेऱ्याला मी दिसते,
रात्री अडीचला उठलेली दिसते,
माझी कंबर दिसत नाही.

त्या रात्री मी शिकल्यासारखं केलं.
त्यांचा गुडघा उभा, हात छातीवर,
माझे पाय भक्कम रोवलेले.
"सारंगानू, वळवतंय हां."
आणि वल्ह्याच्या एका ओढीत होडी वळावी
तसे ते वळले.
एक डोळा उघडून म्हणाले,
"आज कोण नवीन इला काय?"

प्रमाणपत्र शनिवारी मिळणार, लॅमिनेट केलेलं.
आम्ही आणखी एक कागद केलाय,
रजनीच्या गोल अक्षरात.
आठवड्याचा एक दिवस आमचा.
रात्रीच्या जागरणाचे वेगळे पैसे.
निजायला खाट, त्यांच्या खाटेखालची जमीन नव्हे.
जड माणसाला दोघी.
हे शिकवणं दरवर्षी, आणि त्या दिवसांचा पगार न कापता.

तो द्यायचा कोणाला, ते ठरत नाही.
ब्युरोला? पंचायतीत? मस्कतला?
"आदी सही तर करा," रजनी म्हणते.
मी पेन घेते
आणि सवयीनं घड्याळाकडे बघते : चार चाळीस.
पाचला सारंगांची कूस.
घरी शेजारचा रुपेश बसलाय, बारावीचा.
निघताना त्याला दोनदा करून दाखवलंय,
तरी उठून बाहेर येते, फोन लावते :
कमरेतून नाय रे, बाबा,
गुडघ्यातून.