एक टन ॲल्युमिनियम

भोसरीत, शेड नंबर सातमध्ये, शेवटचा शब्द माझा.
वीस मायक्रॉन. त्याच्यावर एक जरी गेला
की लाल ठिपका, आणि पार्ट लाल पेटीत.
घोडेकर गयावया करतो, मॅडम, बसतंय की ओ, फिट बसतंय.
मी डायल गेज त्याच्यापुढे सरकवते.
सुई कुणाची नातेवाईक नाही, म्हणते.

मोबाईल सकाळीच गेटवर जमा. कप्पा एकोणचाळीस.
दिवसभर जगात काय चढलं, काय पडलं
मला पत्ता नसतो.
सुटल्यावर मोशीच्या बसमध्ये, एका हाताने दांडी धरून
चार्ट उघडते. खड्डा आला
की बस हलली का कँडल, कळत नाही.

भिशी मार्चमध्ये लागली. चाळीस हजार.
उमाकांतला वाटतं पोस्टात टाकलेत.
त्याची सेकंड शिफ्ट, तळवड्याला.
बाजार बंद होतो, मग तो घरी येतो.
हे जुळलंय ते बरंच म्हणायचं.

मंगळवारी कुकर लावला. खाली डाळ, वर भात.
पहिली शिट्टी झाली, दुसरी व्हायची होती,
तेवढ्यात मी एक टन ॲल्युमिनियम घेतलं.
दोनशे अडतीस रुपये चाळीस पैसे किलो.
करंगळीनं घेतलं,
बाकीच्या बोटांना कणीक होती.

शाल्मली भूमितीतून मान वर काढून म्हणाली,
आई, टन म्हणजे किती?
हजार किलो.
तिनं कुकर नजरेनं तोलला.
हा दोन किलोचा धरला, तर पाचशे कुकर.
ठेवणार कुठे?
कुठेच नाही गं. ते येत नसतं.
मग घेतलंस काय?

तिसरी शिट्टी. अडतीस पंचवीस.
स्टॉपलॉस अडतीस वीसला. मीच ठरवलेला,
रविवारी दुपारी, डोकं शांत असताना,
वहीत लिहून, खाली दोन रेघा मारून:
वीस पैसे. त्याच्याखाली नाही.

मी तो अडतीस शून्यला नेला.
मग सदतीस साठला.
ओट्यापाशी दुसरं कुणी नव्हतं,
तरी मला ऐकू आलं, माझ्याच आवाजात,
बसतंय की. फिट बसतंय.

सदतीस साठही त्यानं बघता बघता ओलांडला असता,
पण त्याआधी मी तोही काढून टाकला.
छत्तीस नव्वदला हात थरथरला आणि विकलं.
दीड हजार गेले. वर दलाली.
म्हणजे जवळजवळ दोन दिवस
उभ्यानं मोजलेले पार्ट.
मोजून अकरा मिनिटं
माझ्या मालकीचं एक टन काहीतरी होतं
आणि त्यात मी पोळीही भाजली नाही.

पावणेबाराला उमाकांत आला,
कपड्यांना कूलंटचा वास.
पहिला घास घेऊन म्हणाला,
डाळ लागलीय का गं तळाला?
हो, म्हटलं. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
तू? तो हसला. तू मोजायची राहिलीस?
आणि भातावर ताक ओतून घेतलं.

वहीत तारीख लिहिली. घेतला भाव, विकला भाव.
कारणाच्या रकान्यात
आधी लिहिलं, अमेरिकेचे आकडे.
ते खोडलं.
रकाना रिकामाच ठेवून झोपले.

बुधवारी, आठ वाजून दहा मिनिटांनी,
पहिलाच पार्ट बावीस.
गेज शून्यावर आणला. परत लावला.
बावीस.
घोडेकर मशीन पुसत उभा होता.
आज तो काही बोलेचना.
मी लाल पेन हातात घेऊन
जरा वेळ थांबले,
बोलेल म्हणून.