दीड मीटर

दुकान मिटायला पंधरा मिनिटं होती.
वाल्पाराईसोत त्या वेळी खालच्या रस्त्यावर
मासळीचा वास आणि बसचा धूर एकत्र येतो.
डॉन एवारिस्तो ओयार्सून काउंटरवर कोपर टेकून उभे.
खिशातून त्यांनी एक दोरा काढला.
"एवढी हवी. सीडीच्या पेटीपासून नव्या डबीपर्यंत.
वाकून मोजलंय, गुडघे अजून भांडतायत."

मी पट्टी लावली. एक मीटर बारा.
दीड मीटरची घ्या, म्हटलं. ताणून बांधू नये काही,
वायर असो, नाहीतर कुत्रं.

ही तांब्याची, कोअॅक्शियल, नारिंगी टोपीची.
ही प्रकाशाची, हिच्यातून वीज जातच नाही,
म्हणून टीव्हीची घुरघुर गाण्यात शिरत नाही.
फक्त काटकोनात वाकवू नका, रुसते.
आणि ही चांदीची, टोकांना सोनं,
मखमलीच्या पेटीत येते
साखरपुड्याला निघाल्यासारखी.

"हिच्यातून काय जातं?"
तेच. एक आणि शून्य.
"म्हणजे आहे, नाही."
आहे, नाही.

"सोन्याची सुरी म्हणून पोटात कोण खुपसून घेतं, पोरी?
एकतीस वर्षं बंदराच्या वायरलेसवर काढली मी.
टिंब आणि रेघ.
बुडत्या जहाजानं कधी विचारलं नाही
तुमची तार कशाची आहे.
उभा जन्म वायरलेसवर,
आणि आता म्हातारपणी वायर शोधतोय!"

मालक आतून खाकरले. मी मखमल मिटली.

पण ते हलेनात.
"दक्षिणेला, पुंता अरेनासच्या केंद्रावर
रात्रपाळीला एक बाई असायची.
सात वर्षं तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.
हात ठाऊक होता.
रेघ जराशी लांबवायची
आणि शेवटच्या टिंबाआधी
थांबायची.
अंधारात जिना उतरताना
संपला की आहे अजून, असं
पाय चाचपतो ना, तेवढंच.
मजकूर सगळ्यांचा तोच: वारा, लाटा, धुकं.
तरी तिची पाळी असली की
तिसऱ्या खुणेला मी चहा खाली ठेवायचो."

आमच्यात त्याला जिटर म्हणतात, मी म्हटलं.
दोष आहे तो. ठोका वेळेच्या
किंचित मागंपुढं पडतो.
तुमची नवी डबी तो काढून टाकते,
येईल ते आधी साठवते, मग
स्वतःच्या घड्याळावर सरळ रांगेत सोडते.
वायर कुठलीही असू दे.

ते डबीच्या चित्राकडे बघत राहिले.
मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं.
घाईनं म्हटलं, तसं नाही हो,
पियानोवाला जिथं थांबला तिथंच थांबतो,
ते आकड्यांतच लिहिलेलं असतं.
पुसलं जातं ते फक्त
निरोप्याचं अडखळणं.

"निरोपीच होती ती," ते म्हणाले.

मग म्हणाले, ती प्रकाशाची दाखव.
एक टोक मी शोकेसमधल्या यंत्रात खोचलं,
दुसरं त्यांच्या हाती दिलं.
डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल ठिपका.
लुकलुकत नाही? नाही, म्हटलं,
लुकलुकतो, पण आपल्या डोळ्यांना दमच नाही तेवढा.

त्यांनी टोकावर अंगठा धरला. नख लाल झालं.
काढला.
पुन्हा धरला, जरा जास्त वेळ.
धरला, काढला, धरला,
आणि मग नुसतेच थांबले,
टोक हवेत,
बाहेर टेकडीची लिफ्ट करकरत वर निघाली होती.
मग एकदा, टिचकीएवढा.

मला ती लिपी येत नाही.
मी बिल केलं. चार हजार नऊशे नव्वद पेसो.
पिशवी नको म्हणाले.
दोरा तेवढा आठवणीनं मागून घेतला.