काट्यावर

बार्शी रोडला, एमआयडीसीच्या वळणावर
माझा साठ टनी वजनकाटा.
आधी भरली गाडी, मग रिकामी,
मधली वजाबाकी म्हणजे माल.
बावीस वर्षं एवढंच गणित.

परवा उदगीरच्या कॉलेजातली एक पोरगी आली,
हातात फॉर्म, पेनाला टोपण नाही.
'काका, तुरीवरचं आयात शुल्क वाढवावं का?
हो, नाही, सांगता येत नाही.'
म्हटलं, बस. ही गाडी होऊ दे.

गाडी न्हावाशेव्याहून. पोत्यांवर मोझांबिक.
शिवणीतून गळलेली तूर आपल्याहून बारीक,
तिला लागलेली माती तांबडी.
खाजामियाँ म्हणाला, बंदरातून अशा रोज निघाल्या
तर दिवाळीआधी टायर बदलतो.
मालूशेठचा मुनीम पावतीला आला :
'मिल चार महिने गावच्या तुरीवर, आठ महिने दर्यावर.
दर्या मिटला की शंभर बायका घरी.'
त्या शंभरात माझी महानंदा,
संध्याकाळी भुवया पिवळ्या करून येणारी.

मागोमाग औशाचा टेम्पो, मेव्हण्याचा. तेवीस कट्टे.
शिवमूर्तीनं मोबाइलवर भाव बघितला,
'दाजी, ते जहाज बुडालं पाहिजे बगा,'
म्हणाला, आणि खाजामियाँपुढेच तंबाखूची पुडी धरली.

दुपारी सोयाबीनची ढेप परदेशी निघाली.
ढेपवाल्याला वाटतं, जगाला दारंच नसावीत.
त्याच्या सख्ख्या भावाचा तेलाचा कारखाना,
त्याला पामतेलापुढं भिंत पाहिजे, चांगली पुरुषभर.
दोघांचा डबा एकाच घरून येतो.

पोरगी भराभर लिहीत होती. थांबली.
'पण काका, तुमचं मत?'

माझं?
औशाच्या वाटेला दोन एकर आहे, त्यात तूर.
महानंदाचा पगार शनिवारी.
काट्याला तांबडी काय न काळी काय,
गाडीमागे दीडशे रुपये.
'कोणत्या वारी विचारायलीस?' मी म्हणालो.

ती हसली नाही. फॉर्मात वाराला रकाना नव्हता.
पेन 'सांगता येत नाही'कडे सरकलं
तसा मी म्हणालो, ते नको लिहू, बाई.
सांगता येतंय.
तेच तर सांगायलोय कवाधरनं.

तेवढ्यात हॉर्न वाजला, मी खिडकीत गेलो.
तिनं कुठं खूण केली, बघितलं नाही.
गाडी उतरल्यावर ती काट्यावरूनच चालत गेली,
पडद्यावर पन्नास किलो,
रस्ता येईपर्यंत.
मग शून्य.